उसण भरली, आता सिलिंडर कधी उचलायचा?

भरलेला सिलिंडर उचलताना कमरेत उसण भरली, की घरचे सांगतात, 'आठवडाभर पडून राहा.' हा सल्ला आता सोडायलाच हवा. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना व्यायाम दिले, उरलेल्यांना झेपतील तशी रोजची कामं करू दिली. सर्वांत लवकर सावरले ते हे कामं करणारे.

बहुतेकांची उसण काही आठवड्यांत ओसरते. वजन मात्र बेताबेतानेच वाढवावं. आधी घरातल्या घरात चालणं, मग हात न टेकता खुर्चीतून उठणं, मग अर्धी बादली. बादली अंगाशी धरा, गुडघे वाकवा. उचलताना थोडं दुखलं म्हणून घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर बादलीतलं पाणी कमी करा. सिलिंडर साधारण ३० किलोचा, तो सगळ्यात शेवटी, आणि तोही दोघांनी धरून.

लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर मात्र घरी थांबू नका. त्याच दिवशी, अगदी रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.