ताटलीत उरलेली स्प्रिंग

१९९८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. भामरागडहून आलापल्लीकडे परतताना दोन-तीन नाल्यांतून गाडी काढावी लागली होती. दोन्हीकडे दाट जंगल. एक वळण घेतो तोच समोर गुरांचा कळप! ब्रेक दाबला. मागून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि गाडी कळपापासून हातभर अंतरावर थांबली. एका गाईनं मान वळवून शांतपणे पाहिलं. माझे हात मात्र गडचिरोलीला घरी पोहोचेपर्यंत थरथरत होते.

ओळखीचे मिस्त्री धानाच्या रोवणीत गुंतलेले. बांधावर उभं राहूनच त्यांनी निदान केलं, ‘‘मांगचे लायनर गेले जी, भाऊ. तुम्हीच बदलवा घरी. पन एकावक्ती एकच चाक खोला. भुल्ले तं दुसरं पाहाले राह्यते.’’

आमच्या मारुती ८०० ला पुढच्या चाकांत डिस्क आणि पॅड, पण मागे ड्रम. आजही बऱ्याच छोट्या गाड्यांत तसंच असतं. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात अर्धगोल आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं ते फाकतात, आणि त्यांच्यावरचं लायनर ड्रमला आतून घासून चाक थांबवतं. डिस्क उघडी असल्यानं पाणी झटकून टाकते. ड्रममध्ये शिरलेला चिखल मात्र आतच बसून लायनर खातो. हँडब्रेकही याच मागच्या शूंवर चालतो.

एस.टी.नं ८० किलोमीटरवरच्या चंद्रपूरला जाऊन चार शूंचा संच आणला. रविवारी सकाळी अंगणातल्या सपाट जागी गाडी लावली. पुढच्या चाकांना दगडांची ओट दिली, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि हँडब्रेक सोडला. तो ओढलेला असेल तर ड्रम निघत नाही. नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली भक्कम स्टँड लावला. ड्रम निघाला तेव्हा आत काळी भुकटी साचलेली. ती फुंकायची नाही! जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेली की कायमचं दुखणं. नाकाला फडकं बांधून ओल्या कापडानंच ती पुसली. मुलीला मी लांब ओट्यावर बसवलं होतं. सुटे भाग ठेवलेली स्टीलची ताटली सांभाळणं हे तिचं काम.

दुपारपर्यंत एक चाक बसलं. मी विजयी वीरासारखा चहा मागितला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, ही एक उरली.’’ तिच्या ताटलीत बोटभर लांबीची एक स्प्रिंग होती.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, राहू द्यावी. इतकं सगळं बसलंय, एका स्प्रिंगनं काय बिघडणार? बायकोनं कप पुढे केला आणि एवढंच विचारलं, ‘‘अहो, सोमवारी हिला याच गाडीनं शाळेत सोडणार ना?’’

चहा तसाच राहिला. चाक पुन्हा खोललं. दुसरं चाक अजून मिटलेलं होतं, ते उघडून शेजारी नमुना म्हणून पाहिलं. मिस्त्रींचा सल्ला तिथं उमगला. ती स्प्रिंग दोन्ही शूंना एकमेकांकडे ओढून धरणारी होती. पेडल सोडल्यावर शू मागे येतात ते तिच्यामुळे. ती नसती तर शू ड्रमला घासत राहिले असते, ड्रम तापला असता, आणि वाटेत चाक कधी जाम झालं असतं कोण जाणे.

संध्याकाळी बायको ड्रायव्हरच्या जागेवर बसली. ‘‘दाब’’, ‘‘सोड’’ असं बराच वेळ चाललं. पेडल घट्ट लागलं. मग सामसूम गल्लीत सावकाश गाडी चालवून तीन-चारदा थांबवली. आवाज नाही, एका बाजूला ओढ नाही.

मुलगी आता स्वतः गाडी चालवते. नाला ओलांडला की ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जाते, म्हणजे ओलं लायनर घासून वाळतं. मी शिकवलंय ते. पण गाडीचं काही काम करून मी हात पुसू लागलो की ती आधी ताटली पाहते आणि विचारते, ‘‘बाबा, काही उरलं नाही ना?’’