एक कोयता, दोन माणसे
– ऊस विकास अधिकारी



नवराबायकोने एकाच ठिकाणी नोकरी करावी की नाही, यावर कचेऱ्यांतून वाद होतात. आपल्या फडात मात्र उलटा नियम! तिथे जोडीच लागते. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर तो ‘अर्धा कोयता’.

काम दोघांचे. तोडणी, पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणे, यातले निम्मे तरी बाई करते. पण उचल नवऱ्याच्या नावे, हिशेबही त्याच्याच नावे. बाईचे नाव कुठल्याच वहीत नाही.

मागे एका हंगामात बघितलेली गोष्ट. बाई तापाने कोपीत पडलेली. नवऱ्याने दिवसभर ऊस तोडला, तरी मुकादमाने दोघांचा खाडा मांडला. विचारले तर म्हणाला, “साहेब, कोयता म्हंजी जोडी. अर्ध्याचा हिशेब कुठं ठिवू?” दुसऱ्या दिवशी बाई तापातच फडात आली आणि मोळीसकट फळीवरून पडली. नवरा तिला घेऊन दवाखान्यात गेला. तोडलेला ऊस दोन दिवस बांधावर वाळला. वजन घटले ते आपल्याच सभासदाचे.

कायदा काय सांगतो? समान कामाला समान वेतन हा कायदा 1976 सालीच झाला. 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणे 1976 च्याच वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळही आहे. कामगाराचे ओळखपत्र गावाकडे ग्रामपंचायतीमार्फत मिळते. बाईनेही ते स्वतःच्या नावे घ्यावे.

कोणी म्हणेल, आपला करार वाहतूकदाराशी, टोळी मुकादमाची. आपला काय संबंध? संबंध आहे. फड आपला, ऊस आपला, कारखानाही आपलाच.

म्हणून माझ्या तीन सूचना. करारासोबतच्या यादीत दोघांचीही नावे यावीत. मजुरी दोघांच्या नावे मांडावी. एक आजारी पडला तर दुसऱ्याचे काम धरावे, खाडा नको. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडावा.

तोवर एवढे तरी करा. टोळी रानात आली की पिण्याच्या पाण्याची सोय दाखवा. आणि बाई आजारी दिसली तर मुकादमाची वाट न बघता गट कार्यालयात निरोप धाडा.