स्मृती वाढविल्याने संगणकाचा वेग वाढतो काय?

संगणक मंद झाला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘मेमरी वाढवा.’ शाळेच्या संगणक-कक्षासाठी देणगी देऊ इच्छिणारे माजी विद्यार्थीही बहुधा याच दिशेने विचार करतात. चाळीस मिनिटांच्या तासिकेतील दहा मिनिटे यंत्र सुरू होण्यातच गेली, तर विद्यार्थ्याची पाव तासिका बुडाली असेच म्हणावे लागेल. म्हणून हा सल्ला कोठे खरा ठरतो आणि कोठे पैसा वाया घालवितो, याचा विचार अवश्य झाला पाहिजे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. ‘मेमरी’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न गोष्टींना लावतो. मोबाइलमध्ये छायाचित्रांना जागा उरली नाही तरी ‘मेमरी भरली’, आणि संगणक अडखळू लागला तरी ‘मेमरी कमी पडली’. यांतील पहिली ती साठवण. वीज गेली तरी ती टिकून राहते. दुसरी, जिला रॅम म्हणतात, ती चालू कामापुरती असते आणि संगणक बंद होताच रिकामी होते. आपला प्रश्न या दुसरीविषयी आहे.

पिरनवाडीच्या वाचकांना उद्यमबागेतील यंत्रशाळा परिचयाच्या आहेत. लेथवरचा कारागीर म्हणजे प्रोसेसर, त्याच्या हाताशी असलेले टेबल म्हणजे रॅम आणि दूर टोकाला असलेले स्टोअर म्हणजे हार्ड डिस्क, असे समजावे. टेबल लहान असेल तर एक जॉब आणण्यासाठी दुसरा स्टोअरमध्ये ठेवून यावा लागतो आणि दिवस येरझाऱ्यांत सरतो. टेबल मोठे केले की येरझाऱ्या थांबतात. परंतु सारे साहित्य आधीच टेबलावर मावत असेल, तर ते दुप्पट केल्याने कारागिराचा हात अधिक जलद चालत नाही.

या येरझाऱ्या किती महाग पडतात ते पाहा. रॅममधून माहिती मिळण्यास साधारणतः १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून तीच मिळण्यास सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाखपट वेळ. दुय्यम साठवणीचा उपयोग मुख्य स्मृतीच्या विस्तारासारखा करण्याची युक्ती मँचेस्टर येथील ‘ॲटलस’ संगणकात १९६२ मध्ये प्रत्यक्षात आली. आजचे संगणकही रॅम अपुरी पडली की तेच करतात. एखाद्या कामाला त्या त्या वेळी लागणारा माहितीचा संच स्मृतीत मावला नाही, तर यंत्र काम सोडून ने-आण करण्यातच गुंतते, हे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये स्पष्ट केले. तो संच मावला की पुढील वाढीचा लाभ झपाट्याने घटतो.

सीमाभागातील शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे काम एकाच यंत्रावर चालते. एके काळी पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवून देवनागरीची सोय करीत. आपल्या लिप्या यंत्राला जड जातात, हा समज कदाचित त्या काळापासूनचा असावा. आज युनिकोडमधील देवनागरीचे एक चिन्ह प्रचलित पद्धतीने साठविताना ३ बाइट घेते आणि इंग्रजीचे १. तरीही ६ लाख चिन्हांची, म्हणजे साधारण ३०० पानांची कादंबरी १८ लाख बाइटांत मावते. ८ जीबी रॅममध्ये अशा चार हजारांहून अधिक कादंबऱ्यांचा मजकूर राहील. याउलट, शाळेच्या जुन्या स्मरणिकेचे ए-४ आकाराचे एकच पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन करून उघडले, तर ते सुमारे २६० लाख बाइट व्यापते. म्हणजे चौदा कादंबऱ्यांइतके. अशी चाळीस पाने एकदम उघडली की १ जीबी खर्ची पडली. तात्पर्य, भार भाषेचा नसतो. तो चित्रांचा, चलच्चित्रांचा आणि ब्राउझरमध्ये उघड्या ठेवलेल्या अनेक पानांचा असतो.

म्हणून खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा करावी. नित्याचे सर्व काम एकदम उघडावे आणि टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली आणि त्याच वेळी डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर बहुधा स्मृतीची उणीव आहे. तेथे ४ जीबीची ८ केल्यास फरक लगेच जाणवतो. मात्र पत्रलेखन आणि गुणपत्रके एवढ्याच कामासाठी ८ ची १६ केल्यास तो क्वचितच जाणवेल. रॅम मोकळी असूनही डिस्कच धापा टाकीत असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे अधिक हिताचे. यंत्र सुरू होण्यातील विलंब प्रामुख्याने तिनेच कमी होतो. इंटरनेट मंद असल्यास यांपैकी कशाचाच उपयोग नाही.

आणखी दोन सावधगिरी. ३२-बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्या ४ जीबीपलीकडची रॅम वापरीतच नाहीत. आणि डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ ची पट्टी बसत नाही. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही किमान अट असली, तरी टीपीएम २.० आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर याही अटी आहेत. त्या नसलेल्या यंत्रात कितीही स्मृती भरली तरी ते पात्र ठरत नाही.

देणगीदाराने ‘किती जीबी हवी?’ असे विचारण्याआधी ‘यंत्र कोठे अडते?’ असे विचारावे. त्याचे उत्तर रोज त्या यंत्रासमोर बसणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांना विचारूनच मिळेल. एवढी चौकशी झाली, तर त्याच रकमेत कदाचित एकाऐवजी दोन यंत्रे पुन्हा मुलांच्या कामी येतील.