व्हेरिकोज व्हेन्सचं लेझर झालंय? मग चालायचं की पडून राहायचं? आणि प्रवासाचं काय?

ऑपरेशन झालं की घरच्यांचा पहिला हुकूम ठरलेला असतो, “पडून राहा, पायावर भार देऊ नका.” व्हेरिकोज व्हेन्सच्या बाबतीत हा हुकूम अंगाशी येऊ शकतो.

पायातलं रक्त वर हृदयाकडे जातं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं आणि आतल्या झडपा ते खाली परत येऊ देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या की रक्त साचतं आणि शिरा फुगतात. लेझरमध्ये ती खराब शीर आतून उष्णता देऊन बंद करतात. रक्त मग चांगल्या, खोल शिरांमधून जातं.

या खोल शिरांत गुठळी होणं, म्हणजे डीव्हीटी, हा खरा धोका. असं क्वचितच घडतं, पण गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. म्हणूनच बहुतेकांना त्याच दिवशी चालायला लावतात. वजनं उचलणं आणि पळणं आठवडा-दोन आठवडे बंद, पोहणं जखमा भरेपर्यंत नको. घट्ट मोजे किती दिवस घालायचे, हे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नव्हे.

आता प्रवास. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार, चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि हे फक्त विमानाचं नाही, बस, ट्रेन, कार सगळ्यांचंच. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग एका दमात संपवणाराही त्यात आलाच. उपचारानंतर लांबचा विमानप्रवास साधारण चार आठवडे टाळा, असं अनेक डॉक्टर सांगतात. त्यामुळे लग्नाची किंवा परदेशवारीची तिकिटं काढली असतील, तर लेझरची तारीख ठरवतानाच ते सांगून टाका.

जाणं टळतच नसेल तर रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. कडेची सीट घ्या, तासाभराने उठून फेरी मारा, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करा. झोपेची गोळी आणि दारू नको.

थोडं दुखणं, काळंनिळं पडणं, शिरेच्या रेषेवर ओढल्यासारखं वाटणं नेहमीचं आहे. पण एकच पोटरी सुजून गरम झाली, दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर थेट 108 ला फोन करा.