झाडांचे नावगाव



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा वर्ग चार भिंतींत फारसा मावत नसे, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून या वर्षी मी भिंतींबाहेरचाच विषय निवडला आहे. शाळेच्या आवारातील वनस्पतींची नोंद इंटरनेटवरील नकाशाच्या साहाय्याने कशी करावी आणि अध्यापनात तिचा उपयोग कसा करून घ्यावा, हा तो विषय. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने झाडांविषयी आणि संगणकाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मी जन्मभर शब्दांचाच संसार केला आहे, आणि हा विषय मुळात नावांचा आहे, अशी माझी धारणा आहे.

आपल्या शहराचे नावच एका झाडावरून पडले. इ. स. ८१२ मधील राष्ट्रकूट ताम्रपटात 'वटपद्रक' हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. वडांच्या सोबतीने वसलेले ते गाव पुढे वडोदरा झाले आणि आपल्या मराठी जिभेवर बडोदे झाले. अशा शहरातील मुलांना वड, पिंपळ आणि उंबर ही तीन झाडे एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने घरी विचारून पाहावा. पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळेल, 'झाड'. नाव गेले की ओळख जाते, आणि ओळख गेली की ते झाड तोडले गेले तरी कोणाला चुटपूट लागत नाही. आपण ज्या हानीविषयी बोलत आहोत ती अशी दुहेरी आहे.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपली मुले दोन भाषांच्या सावलीत वाढतात. वड दोन्हींकडे वडच आहे. परंतु घरातला कडुनिंब रस्त्यावर 'लीमडो' होतो, चिंचेची 'आमली' होते, बहाव्याचा 'गरमाळो', पळसाचा 'खाखरो' आणि शेवग्याचा 'सरगवो'. आपल्या कढीपत्त्याला तर गुजरातीत 'मीठो लीमडो' म्हणतात. कडुनिंब आणि कढीपत्ता यांची पानांवरून जुळवलेली सोयरीक त्या नावात दिसते. मराठीतही कढीपत्त्याला 'गोडनिंब' असे एक नाव आहेच. ज्या मुलाला ही दोन्ही नावे ठाऊक असतात, त्याला दोन भाषांनी एकच गोष्ट पाहिल्याचा आनंद मिळतो. ज्याला एकही ठाऊक नसते, तो दोन्ही घरांना पारखा होतो.

नावांत घोटाळेही पुष्कळ असतात. शाळांच्या कुंपणालगत उंच, सरळ वाढणारे जे झाड आपण सर्रास 'अशोक' म्हणून दाखवतो, ते गुजरातीतले 'आसोपालव' होय. संस्कृत काव्यातला लाल-केशरी फुलांचा अशोक, म्हणजेच सीताअशोक, हे निराळेच झाड. विद्यार्थ्याला काव्य शिकवताना कुंपणाकडे बोट दाखवले, तर अर्थाचा अनर्थ होतो. शास्त्रीय नावे याच कारणासाठी हवीत. सीताअशोक म्हणजे सराका असोका. आसोपालव म्हणजे मोनून लाँगिफोलियम, ज्याला जुन्या पुस्तकांत पॉलिअल्थिया लाँगिफोलिया म्हटले आहे. म्हणजे शास्त्रीय नावही कालांतराने बदलते. म्हणून नोंदवहीत जुने आणि नवे, दोन्ही लिहून ठेवणे शहाणपणाचे.

अनेक भाषांतील नावे शेजारी शेजारी मांडण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तो सिद्ध करवला. पण झाडांची माहिती सांगणारे होते इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य. या तिघांचे साक्षपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. झाडाचे नाव कोणी सांगितले याचीही नोंद असावी, हा धडा त्या पानावरून घेण्यासारखा आहे. बडोद्यात १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने राज्यकारभारातील शब्दांचे अनेक भाषांतील पर्याय देणारा जो कोश निघाला, त्याच्याही नावात 'कल्पतरु' आहे, हे सहज आठवले.

जुन्या ग्रंथांनी नाव दिले, चित्र दिले, गुणधर्म दिले. अमुक एक झाड नेमके कोठे उभे आहे, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते. नकाशा ही उणीव भरून काढतो. 'कडुनिंब' ही एक जात झाली. 'प्रार्थनेच्या पटांगणाच्या ईशान्य कोपऱ्यातील कडुनिंब, क्रमांक १७' ही एक व्यक्ती झाली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न नगरपालिकेने शहरातील सुमारे ७० हजार झाडांना क्रमांक देऊन ती नकाशावर आणली आणि प्रत्येकाला ई-मेलचा पत्ताही दिला. हेतू इतकाच होता, की फांदी मोडली तर नागरिकांनी कळवावे. लोकांनी त्या पत्त्यांवर झाडांना प्रेमपत्रे लिहिली. नावगाव मिळाले की नाते जडते, ते असे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मोबाइल उपग्रहांच्या संदेशांवरून आपले अक्षांश आणि रेखांश काढतो आणि ते दशांश अपूर्णांकांत दाखवतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. बडोद्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०३ किलोमीटरचा भरतो. म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या स्थानाचा एक घर सुमारे एका मीटरइतका असतो. मोबाइल मात्र उघड्या आकाशाखालीही साधारण पाच मीटरपर्यंत चुकू शकतो, आणि दाट पालवीखाली किंवा इमारतीच्या आडोशाला त्याहून अधिक. त्यामुळे जवळजवळची दोन झाडे नकाशावर एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. उपाय सोपा आहे. इमारतीच्या कोपऱ्यापासून टेपने अंतर मोजावे आणि उपग्रहचित्र पाहून नकाशावरचा बिंदू योग्य जागी सरकवावा. यंत्राने सांगितलेले तपासून घेण्याची सवय मुलांना येथेच लागते.

आवाराचे भाग पाडून प्रत्येक गटाला एक भाग द्यावा. झाडाला क्रमांकाची पाटी सैल दोरीने बांधावी. खिळा ठोकू नये. प्रत्येक झाडासाठी तक्त्यात एक ओळ असावी, आणि तिच्यात क्रमांक, अक्षांश, रेखांश, मराठी नाव, गुजराती नाव, शास्त्रीय नाव, खोडाचा घेर, फुलण्याचा महिना आणि नाव सांगणाऱ्याचा उल्लेख इतके रकाने असावेत. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजण्याचा प्रघात आहे. छायाचित्रे संपूर्ण झाडाची, सालीची, पानाच्या दोन्ही बाजूंची आणि मिळाल्यास फुलाफळांची घ्यावीत. हा तक्ता नकाशाच्या संकेतस्थळावर चढवला की प्रत्येक ओळीचा एक बिंदू होतो. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून घडवलेला नकाशा या कामी पायाभूत म्हणून वापरता येतो. ओळख पटत नसेल तर 'आयनॅचरलिस्ट'वर छायाचित्र ठेवावे; तेथे जगभरचे जाणकार मत देतात. मात्र लावलेले झाड 'लागवडीचे' म्हणून नोंदवावे, नाहीतर मादागास्करहून आलेला गुलमोहर बडोद्याच्या रानात आपोआप उगवला, असा समज होईल.

या एका तक्त्यावर किती विषय शिकवता येतात पाहा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. सावलीवरून उंची काढता येते. गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेतील पर्जन्यवृक्ष आपल्या आवारात कसे आले, हा भूगोलाचा आणि इतिहासाचा पाठ होतो. तोच बहावा दरवर्षी कोणत्या आठवड्यात फुलला याची नोंद दहा वर्षे ठेवली, तर ऋतुमानाचा अभ्यास होतो. आणि भाषेचा पाठ तर सर्वांत मोठा. शाळेचा माळी, पोळ्या करायला येणाऱ्या बाई, घरातील आजी यांच्याकडून नावे आणि त्यांमागच्या समजुती विचारून आणणे हे काम कोणतेही यंत्र करू शकत नाही. मोबाइल पान पाहून शास्त्रीय नाव सुचवील. आजीच्या तोंडचे नाव विचारल्यावाचून मिळत नाही, आणि आजी फार काळ वाट पाहणार नाही.

काही गोष्टींत सावध राहिले पाहिजे. आवारात चंदन असेल तर त्याची नेमकी जागा सार्वजनिक नकाशावर देऊ नये. चोरांनाही नकाशा वाचता येतो. छायाचित्रांत मुलांचे चेहरे नसावेत, आणि लहान मुलांनी स्वतःच्या नावाने खाती न उघडता शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करावे. खाते शाळेचे असावे, एका उत्साही शिक्षकाचे नसावे. नाहीतर त्यांची बदली झाली की नकाशाही त्यांच्याबरोबर जातो. शिवाय इंटरनेटवरील सेवाही कायमच्या नसतात. गूगलची 'फ्यूजन टेबल्स' ही सेवा २००९ साली आली, तिच्यावर असंख्य नकाशे उभे राहिले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली. म्हणून दरवर्षी तक्त्याची एक प्रत उतरवून घ्यावी आणि छापून शाळेच्या ग्रंथालयात दाखल करावी. कागदाला आपण कितीही नावे ठेवली, तरी ८१२ सालचा वड आपल्यापर्यंत पोहोचला तो तांब्यावर कोरलेल्या अक्षरांतून.

झाड पडले तर नोंद पुसू नये. 'अमुक साली पडले' एवढे लिहून बिंदूचा रंग बदलावा. नव्या बांधकामाचा विचार होईल तेव्हा हा नकाशा व्यवस्थापकांच्या टेबलावर असेल, तर निदान कोणते झाड जाणार आहे ते नावानिशी बोलावे लागेल. क्रमांक १७ चा कडुनिंब तोडायचा, असा ठराव मांडताना हात किंचित अडखळतो. तो अडखळावा, एवढ्यासाठीच हा सारा उद्योग.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या काळी या आवारात कोणते झाड कोठे होते, त्याला तुम्ही काय म्हणत होता, ते कोणी लावले, हे आठवून शाळेला लिहून कळवा. आज नसलेल्या झाडांचाही एक थर या नकाशात असला पाहिजे, आणि तो तुमच्याखेरीज कोणी भरू शकणार नाही.