सुकलेल्या चिरुटांचें पुनरुज्जीवन व जतन

जुन्या घरांतील दप्तरें मिळवितांना कागदांबरोबर कधीं कधीं चिरुटांची एखादी पेटीही संग्राहकाच्या हातीं येते. वसईस तरी ती केवळ व्यसनाची वस्तु मानून टाकूं नये. तंबाखू हिंदुस्थानांत आणिली पोर्तुगीजांनीं, व त्यांची सत्ता येथें १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. ‘चिरूट’ हा शब्द मात्र फिरंगी नव्हे. तो तमिळ ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी यावरून आलेला आहे.

चिरुटाचे भाग तीन: आंतील भरण, त्यास बांधणारें पान व वरचें वेष्टण. सुकलेला चिरूट ओल्या फडक्यांत गुंडाळिला असतां भरण फुगतें व ठिसूळ वेष्टण उभें चिरतें. यास्तव ओलावा हवेंतूनच व सावकाश द्यावा. हवाबंद डब्यांत शुद्ध पाण्यानें भिजविलेला स्पंज वाटींत ठेवावा. त्याचा चिरुटास स्पर्श होऊं देऊं नये. आर्द्रता प्रथम ६० टक्के राखावी व कांहीं आठवड्यांनीं ६५ ते ७० पर्यंत चढवावी. मापक खरा कीं खोटा हें पाहण्यास मीठ थोड्या पाण्यांत कालवून मापकासह बंद डब्यांत ठेवावें. दुसरे दिवशीं कांटा ७५ वर यावा. उडून गेलेलें सुगंधी तैल मात्र कोणत्याही उपायानें परत येत नाहीं.

वेष्टणावर टांचणीएवढीं वाटोळीं छिद्रें दिसल्यास तंबाखूचा भुंगा लागला असें समजावें. हाच कीटक पुस्तकांची खळ व चामड्याची बांधणीही खातो. अशी पेटी पिशवींत घट्ट बांधून शून्याखालीं २० अंश थंडींत कांहीं दिवस ठेवावी, व बाहेर काढल्यावर पूर्ण निवळेपर्यंत उघडूं नये.

आमच्या वाचकांस मुख्य सांगणें हें कीं, चिरूट व पोथी एका कपाटांत कदापि नसावीं. चिरुटास मानवणाऱ्या ओलाव्यांत कागदास बुरशी धरण्याचें भय असतें. कागदास ५० टक्क्यांच्या सुमारासच आर्द्रता हितकर. पोथ्यांतील कापूर व डांबराच्या गोळ्यांचा वास चिरूट ताबडतोब ओढून घेतात. वसईच्या पावसाळ्यांत तर दोहोंचीही तपासणी वारंवार करावी.

पेटीवरील छाप, कराची पट्टी व चिरुटाचें कागदी कडें हीं काढून टाकूं नयेत. पेटीचा काल व स्थल ठरविण्यास तींच साधनें होत. तीं गेलीं म्हणजे उरते ती केवळ वाळलेली तंबाखू.