शब्द एक, अर्थ अनेक

काही दिवसांपूर्वी मरोळमधील एका शाळेत आठवीच्या मुलांशी गप्पा मारण्याचा योग आला. विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत आणि बोलणे मराठीत, असा हा सेमी-इंग्रजीचा वर्ग. विजेरीत काय असते, असे आम्ही विचारताच एक मुलगी उत्तरली, "दोन पेशी." वर्ग हसला. ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

उत्तर चुकले होते, पण तिचा तर्क सरळ होता. जीवशास्त्राच्या धड्यात 'सेल' म्हणजे पेशी हे ती शिकली होती. विजेच्या धड्यात तोच शब्द भेटला, तेव्हा तिने तोच अर्थ लावला.

'सेल' या शब्दाचे मूळ लॅटिनमधले. अर्थ लहानशी खोली. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दिसलेल्या कप्प्यांना त्याने हे नाव दिले. तुरुंगातली कोठडी, मधाच्या पोळ्यातला कप्पा, मोबाइलच्या एका मनोऱ्याने सांभाळलेला विभाग, हे सारे इंग्रजीत 'सेल'च.

विजेच्या सेलला मराठीत 'घट' म्हणतात. घट म्हणजे मातीचे भांडे. १८३६ साली डॅनियलने तयार केलेल्या घटात खरोखरच भांडी होती. बाहेर तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचे द्रावण, आत बिनझिलईच्या मातीच्या भांड्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि त्यात जस्ताची कांडी. इंग्रजीने दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, मराठीने दोन. येथे आपली भाषा विद्यार्थ्याला जास्त मदत करते.

मात्र शेजारच्या भाषांत याच शब्दांचे अर्थ बदलतात. बंगालीत सेलला 'कोष' म्हणतात, हिंदीत 'कोशिका'. 'पेशी' म्हणजे मात्र या दोन्ही भाषांत आपला स्नायू. आणि 'स्नायू' हा शब्द बंगालीत चेतातंतूसाठी येतो, तर हिंदी पाठ्यपुस्तकांत हाडाला हाड जोडणाऱ्या बंधासाठी! घरी हिंदी किंवा बंगाली बोलणारे मूल वर्गात असेल, तर हा घोटाळा शिक्षकांनी ध्यानात ठेवायला हवा.

कधी कधी मराठीही एकाच शब्दावर काम भागवते. बसमध्ये तिकिटे देणारा 'वाहक' आणि तांब्याची तारही 'वाहक'. यात फारसा गोंधळ होत नाही. 'पॉवर'चे मात्र तसे नाही. दिव्याची शक्ती, भिंगाची शक्ती आणि गणितातला घात, तिन्ही इंग्रजीत 'पॉवर'. गणितासाठी मराठीने वेगळा शब्द दिला, पण दिवा आणि भिंग या दोन्हींसाठी 'शक्ती'च ठेवला. मग जास्त शक्तीचे भिंग जास्त वीज खाते का, असा प्रश्न मुलाला पडला तर नवल नाही.

येथे एककाची कसोटी उपयोगी पडते. दिव्याची शक्ती वॉटमध्ये मोजतात, म्हणजे दर सेकंदाला किती जूल ऊर्जा वापरली जाते ते. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये, म्हणजे १ भागिले मीटरमधील नाभीय अंतर. चष्म्याचा नंबर +२ असेल, तर नाभीय अंतर अर्धा मीटर. आणि २ चा तिसरा घात ८. त्याला एककच नाही. एकके निराळी, म्हणजे संकल्पना निराळ्या.

तेव्हा 'या शब्दाला मराठीत काय म्हणतात?' असे एखाद्या मुलाने विचारले, तर लगेच प्रतिशब्द सांगू नये. आधी त्याला पूर्ण वाक्य वाचायला लावावे. शब्द कोणत्या धड्यातला, कशाबद्दलचा, मोजता येत असेल तर कोणत्या एककात, हे त्यालाच शोधू द्यावे. 'बेस', 'सोल्यूशन', 'रूट', 'डिग्री' अशा शब्दांची यादी करून वर्गात हा खेळ घेता येईल.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी डॅनियलच्या घटाचे चित्र दाखवले. ते पाहून तिने विचारले, "मग आमच्या विजेरीतल्या घटात पाणी का नाही?" कोरड्या घटाचा धडा तेथून सुरू झाला.